भूपालअण्णांचा नियम

भूपालअण्णांनी जन्मात मासा खाल्ला नाही आणि उभी नोकरी मत्स्य खात्यात काढली. निपाणीत आमची घरं शेजारी. बंदरावरून रजेवर आले की त्यांच्या पत्नी, आमच्या आक्का, त्यांना उंबऱ्याबाहेरच अडवायच्या.

"आधी आंघोळ, मग घर. जैनाच्या घरात ह्यो वास न्हाय चालायचा."

"ह्या वासावरच चूल पेटती गं," म्हणत अण्णा न्हाणीकडे वळायचे.

एका गोष्टीवर मात्र ते कधी हसले नाहीत. बोटींच्या जाळ्यात मोठ्या माशांबरोबर बोटाएवढी पिल्लंही येतात. त्यांना भाव नाही, म्हणून ती मेलेलीच परत समुद्रात फेकतात. "खायला न्हाय, इकायला न्हाय. नुसता जीव घ्यायचा आणि टाकायचा. असलं पाप कुठं बघितलंयस रं?"

निवृत्तीच्या आधी त्यांनी वरिष्ठांच्या मागे लागून आपल्या बंदरापुरता नियम करून घेतला: जाळ्यात येईल ते सगळं किनाऱ्यावर आणायचं. हिशेब त्यांनी मला कट्ट्यावर बसून समजावला होता. बोटीत जागा मोजकी. ती बिनभावाच्या पिल्लांनी भरली तर मालकाचा तोटा. मग तो आपणहून मोठ्या भोकांचं जाळं घेईल आणि पिल्लं निसटतील. मी आकडे दोनदा तपासणारा माणूस. मलाही चूक दिसली नाही.

आम्ही दोघांनीही कधी मासळी विकत घेतली नव्हती, तिथंच चुकलं. पिल्लं किनाऱ्यावर आली तसं त्यांना गिऱ्हाईक आलं. वाळवून, दळून कोंबड्यांचं खाद्य करणारे कारखाने ती ढिगानं उचलू लागले. भाव मिळतोय म्हटल्यावर बोटवाल्यांनी जाळी आणखी बारीक केली. जुन्या सहकाऱ्यानं फोन करून सांगितलं, "साहेब, तुमच्या नियमावर मालक लई खूश हैत!" त्या दिवसापासून अण्णा कट्ट्यावर यायचे बंद झाले.

पर्युषण संपलं की जैन मंडळी घरोघरी जाऊन वर्षभराच्या चुकांची क्षमा मागतात. त्या वर्षी अण्णा माझ्या दारात येऊन म्हणाले, "मला बंदरावर ने. तिथं मागायची हाय."

नेलं. बेळगावात चहाला थांबलो, तर ते गाडीतून उतरलेही नाहीत. धक्क्यावर हमाल फावड्यानं पिल्लं टेम्पोत भरत होते. अण्णा ढिगासमोर हात जोडून उभे राहिले.

"ओ आजोबा, हे काय देऊळ हाय? सरका, गाडी भरायची हाय!" त्यातला एक ओरडला. अण्णा सरकले. हात तसेच जोडलेले.

परतताना मी म्हणालो, "अण्णा, तुम्ही चांगल्यासाठीच केलंत."

"ते त्या पिल्लास्नी सांग," अण्णा म्हणाले.

पुढच्या पर्युषणाआधी अण्णा गेले. शेवटी शेवटी भान नव्हतं. हात मात्र चालू असायचे. अंथरुणावरून काहीतरी वेचायचे आणि खाटेच्या कडेबाहेर सोडायचे. आक्कांनी हात धरून विचारलं, "काय पायजे तुमास्नी?"

"सोड गं," अण्णा म्हणाले. "ही जित्ती हाईत अजून."