मेजरच्या घरचा लॅपटॉप

डेपोत तिला सगळे मेजर म्हणत. बसच्या स्टिअरिंगचं ते थोरलं चाक हाती धरून तिची निम्मी हयात गेली होती, आणि आवाज असा की मागच्या सीटवर घोरणारा माणूसही दचकून सुट्टे पैसे चाचपायला लागे. एकदा दोन दारुडे बसमध्ये एकमेकांच्या उरावर बसले, तेव्हा तिनं गाडी कडेला घेतली, दोघांच्या मानगुटी धरल्या आणि कचऱ्याच्या पिशव्या ठेवाव्यात तसं त्यांना फुटपाथवर नेऊन ठेवलं. ही हकिगत डेपोत अजून तिखटमीठ लावून सांगितली जाई. मेजरच्या घरी तिचाच मुलगा तिच्यावर हात उचलतो, हे मात्र तिथं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

नवरा गेल्यापासून घरात तिघं. ती, मोठा मुलगा आणि धाकटी. मुलगा पंचविशीचा, अंगापिंडानं थेट बापावर गेलेला. गोदामातल्या नोकरीत त्यानं सुपरवायझरच्या कानाखाली वाजवली आणि घरी बसला. तेव्हापासून त्याचा सगळा राग चार भिंतींच्या आत निघू लागला. आधी दारं आपटणं, मग ताटं भिरकावणं, मग एके दिवशी आईचा दंड पिरगाळणं. मारून झालं की तो काही दिवस मित्राकडे जाऊन राही आणि जसं काही घडलंच नाही अशा तोंडानं परत येई. मेजर त्याच्यापुढे गरम जेवण ठेवी. शेजारणीला सांगे, मी बाथरूममध्ये घसरले. ती बाई किती वेळा घसरते, याचा हिशेब शेजारीण मनातल्या मनात ठेवत असणार.

त्या दिवशी सकाळी भांडण पेटलं ते लॅपटॉपवरून. घरात लॅपटॉप एकच, नवऱ्यानं सगळ्यांसाठी म्हणून घेतलेला, आता म्हातारा झालेला. धाकटी घरांचे नकाशे काढायचं शिकत होती. एका वाचनालयाचा नकाशा तिनं महिनोन्‌महिने खपून केला होता आणि तो दुपारपर्यंत पाठवायचा होता. भाऊ आला आणि म्हणाला, “दे इकडे. मला मॅच बघायचीय.”

“दुपारी घे ना रे. आज शेवटचा दिवस आहे.”

“तुझ्या एकटीचा आहे का? बाबांनी सगळ्यांसाठी घेतला होता.”

“मग तूही सगळ्यांशी नीट वाग.”

एवढं वाक्य पुरलं. त्यानं लॅपटॉप तिच्या मांडीवरून हिसकला, दोन्ही हातांनी धरला आणि उलटा मोडला. बिजागऱ्या कडाडल्या. मग तो स्वयंपाकघरात गेला आणि ओट्याच्या कडेवर धोबी कपडे आपटतो तसा तो आपटू लागला. पडद्याच्या काचेचा चुरा उडाला. बटणं दातांसारखी सुटून फरशीभर पसरली. धाकटी किंचाळत त्याच्या पाठीला लोंबकळली, तर त्यानं तिला कोपरानं भिंतीवर भिरकावलं. मेजर ओल्या केसांनीच बाथरूममधून धावत आली आणि मध्ये घुसली. उगारलेला लॅपटॉप खाली आला तो तिच्या जबड्यावर.

तोंडात रक्त भरलं.

“मध्ये कशाला कडमडलीस?” मुलगा म्हणाला. लॅपटॉपला लाथ घालून तो जिना उतरून निघून गेला.

मेजरनं चूळ भरली, तर बेसिनमध्ये दाढेचा तुकडा पडला. तिनं तो पाण्यासरशी जाऊ दिला, केस बांधले, गणवेश चढवला. धाकटी फरशीवर बसून बटणं गोळा करत होती. “आई, आज तरी जाऊ नकोस,” ती म्हणाली. पण मेजरनं डब्याची पिशवी उचलली. घरात थांबलं असतं तर बोलावं लागलं असतं.

तिच्या गाडीवरचा कंडक्टर निवृत्तीला टेकलेला होता. सगळे त्याला काका म्हणत. काकांनी तिच्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं आणि नजर वळवली. बाजारापाशी एक जोडपं चढलं. नवरा बायकोवर आधीपासूनच तणतणत होता. बायको काहीतरी पुटपुटली आणि त्यानं भर बसमध्ये तिच्या तोंडात भडकावली. मेजरनं ते आरशातून पाहिलं. तिनं करकचून ब्रेक मारला, केबिनचं दार उघडलं आणि त्या माणसाला कॉलरला धरून पायऱ्यांवरून खाली ओढलं.

इथपर्यंत सगळं नेहमीसारखं होतं. पण या वेळी ती थांबली नाही. तिनं त्याला बसच्या पत्र्यावर आपटलं. एकदा, पुन्हा, पुन्हा. त्याचं नाक फुटलं, तो हात जोडू लागला, त्याची बायकोच रडत “सोडा हो” म्हणू लागली, तरी मेजरची मूठ चालूच. काकांनी मागून कमरेला मिठी घालून तिला बाजूला ओढलं तेव्हा तिच्या बाह्या रक्तानं माखलेल्या होत्या.

“मेजर,” काका धापा टाकत म्हणाले, “हा मार याच्या वाट्याचा नव्हता. कुणाचा होता?”

तिनं रक्ताळलेल्या बाह्या दुमडल्या. डेपोच्या साहेबांनी तक्रार वाचली आणि तिला आठवडाभर बिनपगारी घरी बसवलं.

म्हणून ती धाकटीबरोबर दुकानात जाऊ शकली. धाकटीनं कॉलेजातल्या बाईंच्या हातापाया पडून मुदत वाढवून घेतली होती, पण थोडीच. जुन्या लॅपटॉपांचं ते दुकान एका बोळात होतं. दुकानदार चांगला गरगरीत, बोलघेवडा. पेशंट तपासावा तसा त्यानं पिशवीतून लॅपटॉप बाहेर काढला.

“अरेरे! कसा पडला हो?”

“कपाटावरून,” मेजर म्हणाली.

त्यानं तो फिरवून फिरवून पाहिला. “ताई, कपाटावरून पडलेला एका कोपऱ्यावर पडतो. हा चारही कोपऱ्यांवर पडलाय.”

“भावानं आपटला,” धाकटी म्हणाली. मेजरनं तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर जीभ चावली असती. धाकटीनं पुढे जोडलं, “आणि आईलाही त्यानंच मारलं. त्याच लॅपटॉपनं.”

दुकानदारानं पंखा त्यांच्या बाजूला वळवला आणि स्क्रू काढायला घेतले. “पडदा गेला, बोर्डाला तडा गेला,” तो हळू आवाजात म्हणाला. “दुरुस्तीत घालाल तेवढ्यात दुसरा येईल. पण फाईली वेगळ्या जागी असतात. ही बघा डिस्क. घरी परत परत चालू करून पाहिला का?”

“चालू व्हायला उरलं काय होतं?”

“तेच बरं झालं. आतली चकती फिरता फिरता खरवडली गेली असती, तर देवानंही हात टेकले असते.”

त्यानं डिस्क आपल्या यंत्राला जोडली आणि कान लावला. “टकटक करत नाही,” तो म्हणाला. “जीव आहे. आता हिला जास्त छळायचं नाही. एकदाच सगळं उतरवून घ्यायचं.”

तेवढ्या वेळात त्यानं दुसरे लॅपटॉप दाखवले. एक चकचकीत, पातळ, धाकटीचं मन त्याच्यावर गेलेलं. मेजरनं तो उचलला आणि झाकण पुन्हा पुन्हा उघडून मिटून पाहिलं. बिजागरी कुरकुरली. “हा नको.” मग एका कचेरीनं काढून टाकलेल्या ढिगातला एक काळा, जाडजूड, स्टिकर खरवडलेला तिनं पुढे ओढला. बटणं घट्ट, झाकण दारासारखं भक्कम.

“म्हैस आहे नुसती, आई!”

“म्हैसच बरी. फुलपाखरू आपल्या घरात टिकायचं नाही.”

दुकानदार हसला, पण बेतानं. बॅटरीची हमी त्यानं स्वतःहून वाढवून दिली. बिनपगारी आठवड्यात तो खर्च जड होता, पण मेजरनं घासाघीस केली नाही. “सगळ्या फाईलींची आणखी एक नक्कल वेगळी काढून ठेवा,” तो जाताना म्हणाला, “आणि घराबाहेर ठेवा.” त्याला काय म्हणायचंय ते दोघींना कळलं.

वाचनालयाचा नकाशा धडधाकट निघाला. धाकटीनं तो पाठवला आणि आनंदानं आईच्या गळ्यात पडली, सुजलेला गाल दुखावेल एवढी. मग दोघी जुने फोटो बघत बसल्या. काही अर्धेच शाबूत राहिले होते. वर नवऱ्याचं कपाळ, खाली नुसता राखाडी पट्टा. व्हिडिओ बहुतेक चालत होते.

एका व्हिडिओत ते सगळे तळ्याकाठी सहलीला गेलेले. मुलगा असेल आठेक वर्षांचा. धावता धावता त्याच्या हातून डबा उपडा झाला. नवरा उठला आणि त्यानं पोराच्या अशी थोबाडीत ठेवून दिली की पोरगं गवतावर कोलमडलं. कॅमेऱ्यामागून खळखळून हसण्याचा आवाज आला. “अजून एक द्या, म्हणजे ताळ्यावर येईल!” आवाज मेजरचाच होता. मुलगा उठला, त्यानं कॅमेऱ्याकडे बघितलं आणि तोही हसला. गालावर पाची बोटं उमटलेली आणि तोंडावर हसू.

धाकटीनं व्हिडिओ थांबवला. “हा ठेवू, की पुसून टाकू?”

नवरा मारायचा, हे मेजर विसरली नव्हती. आपण हसायचो, हे विसरली होती.

“ठेव,” ती म्हणाली आणि उठून वाळत घातलेले कपडे घड्या करायला गेली. कोरडे आहेत की ओले, तेही न बघता.

रविवारी भर दुपारी मुलगा परतला. चपला कोपऱ्यात भिरकावल्या आणि म्हणाला, “वाढ. भूक लागलीय.” मग त्याची नजर टेबलावर गेली. “हे काय? माझ्या गाडीच्या दुरुस्तीला पैसे नव्हते ना तुझ्याकडे? आणि हिच्यासाठी नवा लॅपटॉप?”

“जुनाच आहे. खाली ठेव तो.”

त्यानं तो उचलला होता. “हाही बघू किती टिकतो.”

“खाली ठेव.” हे तिनं बसमधल्या आवाजात म्हटलं. त्या घरात तो आवाज आजवर कुणी ऐकला नव्हता. मुलगा क्षणभर चरकला आणि चरकल्याचाच त्याला राग आला. त्यानं एका हातानं आईला ढकललं. तिचं डोकं चौकटीवर आदळलं, भुवई फुटली. धाकटी लॅपटॉपला बिलगली, तर त्यानं तिची वेणी मनगटाला गुंडाळून ओढली. ती त्याच्या हाताला कडकडून चावली. त्यानं तिच्या पोटात गुडघा मारला.

मेजरच्या डोळ्यात रक्त उतरत होतं, खरोखरचं, भुवईतून. तिनं आंधळेपणानंच त्याच्या लॅपटॉप धरलेल्या हाताचं मनगट पकडलं, दोन्ही हातांनी. जुन्या गाड्यांची चाकं फिरवायला अख्ख्या अंगाचा भार घालावा लागे. तसा तिनं भार घातला आणि वळवलं. तो ओरडला, तरी वळवलं. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला.

लॅपटॉप धाकटीनं पोटाशी झेलला. मुलगा गुडघ्यांवर बसला, पांढराफटक, आणि लहानपणी ताप आला की हाक मारी तशी त्यानं हाक मारली, “आई गं!”

तिनंच त्याला दवाखान्यात नेलं. रिक्षात तो तिच्या खांद्यावर डोकं टेकून कण्हत होता. ती भुवईवर टॉवेल दाबून बसली होती. धाकटी पुढे, ड्रायव्हरशेजारी अंग चोरून बसली होती. डॉक्टरनं हात पाहिला आणि विचारलं, “काय झालं?”

“जिन्यावरून पडलो,” मुलगा म्हणाला.

“नाही,” मेजर म्हणाली. “मी मोडला. आणि माझं हे असं यानं केलं. हिच्या पोटातही मारलंय. तिलाही तपासा.”

मुलगा तिच्याकडे बघतच राहिला. मोडलेल्या हातापेक्षा ते शब्दच त्याला जास्त लागले असावेत. “आई, काय बोलतेयस तू?” तो कुजबुजला. पण बांध फुटला होता. पोलिसातली बाई आली, तिलाही मेजरनं सगळं सांगितलं. दाढेपासून सुरुवात केली. बसमधल्या माणसाबद्दलही सांगितलं, जे कुणी विचारलंच नव्हतं. “लिहा,” ती म्हणाली. “त्याचंही लिहा, माझंही लिहा.”

कोर्टानं मुलाला घरात पाऊल टाकायची मनाई केली. मेजरचा धाकटा भाऊ टायरचं दुकान चालवी. तो येऊन भाच्याला घेऊन गेला. जाताना म्हणाला, “ताई, माझ्याकडे यानं हात उचलला तर मी पोलिसांना बोलवायलाही थांबणार नाही.” तिनं मान डोलावली. दाराचं कुलूप बदललं. डेपोत काकांना तिनं स्वतःहून सगळं सांगितलं. काका बराच वेळ तिकिटांचं यंत्र पुसत राहिले आणि मग म्हणाले, “आम्ही तुम्हाला मेजर म्हणून म्हणून गप्प केलं की काय हो?”

हाताचं प्लास्टर सुटल्यावर मुलगा मामाच्या दुकानात कामाला लागला. आठवड्यातून एकदा त्याला समुपदेशकाकडे जावं लागे. कधी जाई, कधी दांडी मारी. एकदा त्यानं दुकानात एका गिऱ्हाईकाच्या गाडीची काच फोडली, मामानं तिचे पैसे पगारातून कापून घेतले. सुधारला असं म्हणावं, असं काही नव्हतं. धाकटीला एका वास्तुविशारदाकडे काम मिळालं. ती भावाला भेटायला तयार नव्हती. मेजरनं तिला आग्रह केला नाही.

ती स्वतः मात्र एकदा ड्युटी संपल्यावर गेली. मुलगा पहारीनं रिममधून टायर सोडवत होता, घामानं निथळलेला. मामानं चहा मागवला. मायलेक दुकानाबाहेर उभे राहून चहा प्यायले. हवेबद्दल बोलले, मामाच्या कंजूषपणाबद्दल बोलले, आणि दोघंही थोडं हसले.

मग कपाळावरचे केस मागे सारायला म्हणून त्यानं हात वर नेला. मेजर झटक्यात मागे सरकली. चहा तिच्या गणवेशावर सांडला.

त्यानं ते पाहिलं. वर गेलेला हात तसाच हवेत थांबला, मग अगदी हळू, तिला दिसेल असा, खाली आला. त्यानं तो खिशात घातला.

“शेवटची बस चुकेल तुझी,” तो म्हणाला.

“हो,” ती म्हणाली, आणि निघाली.