स्टोव्हला लावलेली फुंकणी

मी तेव्हा इतकी हुशार होते की मोशीच्या आमच्या मळ्यातल्या म्हशीसुद्धा माझ्याकडे दयेने बघायच्या. लग्न होऊन दापोडीला आले. रेल्वेलाइनीलगतची चाळ, दोन खोल्या. नवरा वर्कशॉपात, बहुतेक रात्रपाळीला. सासू घरात, बहुतेक माझ्या पाठीवर.

पाठीवर म्हणजे खरोखरच पाठीवर. भाकरी करपली की उलथनं, पाणी सांडलं की तांब्या, हाताशी काहीच नसलं की नुसती चापट, आणि तिची चापट बैलालाही पुरली असती. नवऱ्याला सगळं ठाऊक होतं. "आई हाय, चालायचंच," म्हणून तो कूस बदलायचा. मी मार खायचे आणि मनातल्या मनात सासूला रोज एकदा विहिरीत ढकलायचे. दुपारी काढायचे परत, कारण चटणी तिचीच चांगली व्हायची.

माराची भीती मला फारशी नव्हती. भीती होती ती दुसऱ्याच गोष्टीची. आषाढात एकदा तिने सांगून टाकलं, "आता एक जरी घोटाळा केलास तर ट्रंक उचलायची आन मोशीची वाट धरायची." मार घरातल्या घरात राहतो. परत पाठवलेली पोर गावभर होते. माझ्या पाठच्या दोघी लग्नाच्या होत्या. वडिलांनी पाठवणीच्या वेळी कानाशी येऊन सांगितलं होतं, "माघारी आलीस तर ह्या दोघींना कोण विचारील? इंद्रायणी घरामागंच हाय, ध्यानात ठेव." नदी कुणासाठी ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

चातुर्मास लागला आणि सासूने चहा सोडला. चहा सोडायचा आणि कॉफी प्यायची, असा तिचा देवाशी ठराव होता. देवाने तक्रार केली नसावी. त्रास झाला तो मला. दूध, साखर, जायफळ घातलेला तो पेला हातात पडेपर्यंत तिचं डोकं ठणकायचं, आणि डोक्यातली कळ हातावाटे बाहेर पडायची.

त्या सकाळी ती आतल्या खोलीत देवपूजेला बसली होती. तिथूनच ओरडली, "कॉफी टाक!"

"चुलीवर का स्टोव्हवर?"

"माझ्या टाळक्यावर! ल्योकानं नवा स्टोव्ह काय पूजेला आणलाय?"

पितळी स्टोव्हला तोवर मी हात लावला नव्हता. पण रोज बघत होते ना! काकडा पेटवून बर्नरखाली धरायचा, तो चांगला तापला की पंप मारायचा. एवढंच. फक्त "चांगला तापला की" हे मला गाळण्यासारखं वाटलं. घाईने पंप मारला. ज्योत आली ती पिवळी, आजारी, काळा धूर ओकणारी. आता आमच्या मोशीत विस्तव रुसला तर काय करतात? फुंकतात. मी चुलीपाशी गेले, फुंकणी उचलली आणि छातीत मावेल तेवढी हवा भरून स्टोव्हला फुंकर घातली.

ज्योत गेली. बर्नरमधून रॉकेल बुडबुड करत वर आलं आणि खाली ओघळलं. मला वाटलं, वा, अंगात बळ आलं ह्याच्या! आणखी पंप मारला, दुधाचं पातेलं चढवलं आणि काडी ओढली.

पुढचं फार पटकन झालं. आग छताला चाटून आली. डावी भुवई माझ्या डोळ्यांदेखत गेली. पातेलं उलटलं आणि दूध माझ्या पायावर. मी किंचाळले, तशी सासू बाहेर धावली. आगीकडे तिने बघितलंच नाही. आधी माझा बुचडा धरला.

"सटवे, घर जाळलंस!"

डोकं भिंतीवर आपटलं. एकदा, पुन्हा. तोंडात रक्ताची चव आली, तशी मी तिचं मनगट कडकडून चावले. ती लाथ मारायला गेली आणि लाथ बसली स्टोव्हला. तो कलंडला आणि पेटतं रॉकेल तिच्या लुगड्यावर गेलं.

तिने माझे केस सोडले. मी तिच्या कमरेला मिठी मारून तिला भुईवर आदळलं, घागरीखालचं ओलं पोतं ओढलं, तिच्या मांड्यांवर बसले आणि हाणत सुटले. धपाधप. ज्वाळा विझली, भुईवर सांडलेलं रॉकेलही जळून संपलं. पोतं आणखी दोनदा पडलं. चालता हात एकदम कुठे थांबतो?

नेमकी तेव्हाच शेजारची कोकणातली काकी दारात आली. "धावा गो! सुनेन सासूक ठार मारल्यान!"

तिच्या मागोमाग नवरा, पाळी संपवून आलेला. त्याला काय दिसलं? आई खाली, बायको वर. त्याने मला दंडाला धरून फेकलं आणि अशी थोबाडीत दिली की कानात गाडी शिरली. मग खाटेखालून माझी ट्रंक ओढली. "चल. पहिल्या मोटारीनं मोशी."

आग लागली होती म्हणावं, तर ती विझलेली. बहिणींची तोंडं समोर दिसायला लागली. इंद्रायणीही.

तेवढ्यात एक तांब्या माझ्या डोक्यावरून सणसणत गेला आणि नवऱ्याच्या खांद्यावर बसला.

"मुडद्या, ठेव ती ट्रंक!" सासू कोपरावर उठली होती. लुगडं गुडघ्यापर्यंत जळालेलं, पोटरी लालबुंद. "हिला मारायची तर मी मारीन. तू कोण? जळत हुते तवा कुठं हुतास?"

"आई, अगं ती तुला..."

"व्हय, मारलं. म्हनून जित्ती हाय." मग दाराकडे वळून म्हणाली, "आन काकी, बोंबलायचंच हाय तर नीट बोंबला. सुनेनं सासू वाचवली म्हना."

काकी गेली. नवऱ्याने ट्रंक खाटेखाली सरकवली आणि खांदा चोळत ओट्यावर जाऊन बसला. मी दौत आणून तिच्या पोटरीला शाई लावायला घेतली. भाजल्यावर तेव्हा शाईच लावत.

"हळू की, म्हशी!" तिने टपली मारली. मग बारीक आवाजात विचारलं, "इझल्यावरचे दोन कशापायी हुते गं?"

"ठिणगी दिसली."

"व्हय का? मला न्हाई दिसली."

मी दौतीत पुन्हा बोट बुडवलं.

मोशीला गेले ती दिवाळीला, माहेरपणाला. आठवडा काढायचं ठरवून गेले होते. चौथ्याच दिवशी सासूचा निरोप आला: मुक्काम पुरे झाला, लगोलग धाडा.