चष्म्याच्या डबीवरचा ठेका

आमच्या ऑनलाइन वाचनकट्ट्यावर पुस्तक सुचवायचं ते दोन ओळी जुळवून, आणि कुणीतरी त्याच यमकात उत्तर द्यायचं. एक बाई आपल्या ओळी आवाजात पाठवायच्या. आधी चष्म्याच्या डबीवर बोटांचा ठेका, मग खणखणीत सूर:

‘कढी उतू गेली तरी पुस्तक काही सुटेना,
नवरा विचारी “जेवायला?”, उत्तर काही सुचेना!’

एकदा मी राहते त्या झाशीतच, मानिक चौकात मसाल्याच्या दुकानात तोच ठेका ऐकला. पिकल्या केसांच्या एक बाई ‘भैया, हींग असली देना’ म्हणून डबी वाजवत उभ्या होत्या. मी मागून हळूच म्हणाले, ‘पुस्तक धाडा इकडे, काकू, दम काही निघेना!’

त्या गर्रकन वळल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मी नाव सांगू लागले, तर हातानंच थांबवलं.

‘नाव राहू दे गं. घरी लेकाशी हिंदी, नातवंडांशी हिंदी. समोर उभं राहून मराठीत यमक जुळवणारं कुणी भेटलं, आज एवढंच पुरे.’

हल्ली कट्ट्यावर त्यांचा आवाज येत नाही. मी मात्र ओळी आवाजातच पाठवते. आधी टेबलावर बोटांनी ठेका धरते, याच गावात कुठेतरी त्यांना ऐकू जाईल म्हणून.