हत्तीच्या शेणातल्या आठळ्या

ओलं बी दिसलं की मथुराबाईंना चैन पडत नसे. माहेर वैरागजवळच्या कोरडवाहू रानातलं. ज्वारीचा दाणा दाताखाली कट्‌कन फुटला तरच तो बियाण्याला ठेवायचा, हे आईनं शिकवलेलं. सोलापुरातल्या एका कॉलेजच्या बागेत त्या बावीस वर्षं माळीकाम करत होत्या. त्यांच्या हातचं रोप मरत नाही, असं शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे म्हणत.

म्हणून ऋतुजानं आपलं काम त्यांच्यावर सोपवलं. ही संशोधक मुलगी केरळातल्या वर्षावनातून, वनखात्याची परवानगी काढून, दोन पोती हत्तीचं शेण घेऊन आली होती.

"मावशी, हत्ती फणस आठळ्यांसकट खातो. कोसभर चालून शेण टाकतो, तिथं फणस उगवतो. झाडाला पाय नसतात, ते हत्तीचे वापरतं."

"मग आमच्या शेळ्या येगळं काय करत्यात? बाभळीच्या शेंगा खायच्या अन्‌ बिया वाड्यात टाकायच्या. तुझी शेळी जरा थोराड हाय, एवढंच की."

दोघींनी शेण धुऊन साठ आठळ्या वेचल्या. "मी पुण्याहून आले की पेरू," म्हणून ऋतुजा चार दिवस गेली.

परतल्यावर आठळ्या पेरल्या. महिना झाला, एकही वर आली नाही. ऋतुजानं दोन-तीन उकरून पाहिल्या. आत काळ्या, सुरकुतलेल्या. ती वहीत लिहू लागली, "हत्तीच्या पोटातून आलेल्या आठळ्या रुजत नाहीत."

"काय लिवतीस?" मथुराबाईंनी विचारलं. तिनं वाचून दाखवलं.

त्या गप्प राहिल्या असत्या तर कुणाला काही कळलं नसतं.

"खोड ते. हत्तीचा दोष न्हाय. तू नव्हतीस तवा मी आठळ्या गच्चीवर चार दिवस वाळवल्या. म्हटलं, ओल्या ऱ्हायल्या तर कुजतील."

एप्रिलचं सोलापूरचं ऊन. ऋतुजानं वही मिटली.

"मावशी, फणसाचं बी वाळलं की मरतं. आता शेण पुढच्या हंगामातच मिळणार."

"धुतलेल्या शेणाचा चोथा हाय की. नळामागं टाकलाय, वर ओलं पोतं. शेण फेकून द्यायचं आमच्यात न्हाय."

त्यांनी पोतं उचललं. धुताना नजरेतून सुटलेल्या आठळ्या चोथ्यात राहिल्या होत्या. सात कोंब वर आले होते, एक तर बोटभर उंच.

ऋतुजानं कोंब पुन्हा एकदा मोजले. मग वही उघडून तिनं ती ओळ खोडली आणि नव्या पानावर दोन्ही गोष्टी लिहिल्या. वाळवलेल्या साठांपैकी एकही नाही. शेणात ओल्या राहिलेल्यांना सात कोंब.

"मावशी, तुमचं नाव घालते. हे कोंब तुमच्यामुळं जगले."

"घाल की," मथुराबाई पोतं पुन्हा भिजवत म्हणाल्या. "पर साठ कुणी वाळवल्या, तितंबी माजंच नाव घाल."