माकणीची मावशी आणि माझी फरशी

फ्लॅट साफ करायला बाई लावली आणि फरशी मी पुसली, यात बाईंची काहीही चूक नव्हती.

कळंबचा भाड्याचा फ्लॅट सोडून आम्ही धाराशिवला निघालो होतो. घरमालक अण्णांनी बजावलं होतं, "संध्याकाळी येतो. घर चकाचक असंल तर अनामत हातात, न्हायतर इसरा!" आणि बोअरच्या खाऱ्या पाण्यानं बाथरूमच्या फरशा पिवळ्याधमक करून ठेवलेल्या! साफसफाईवाल्यांचे भाव ऐकून वाटलं, अनामत परस्पर त्यांनाच देऊन टाकावी. शेवटी भाजीवालीच्या ओळखीनं परवडणाऱ्या शांताबाई मिळाल्या. (त्यातही घासाघीस केली म्हणून मी मिशीला पीळ देत होतो.)

शांताबाईंनी पदर खोचला, झाडू उचलला आणि आमच्या सुरेखानं सहज विचारलं, "गाव कुठलं तुमचं?" (बायको आहे माझी. हा प्रश्न विचारल्याशिवाय ती कुणाला पाणीसुद्धा देत नाही.)

"माकणी."

"अगं बया! माझं माहेर की! कुणाच्या तुम्ही?"

दोन मिनिटांत नातं निघालं. शांताबाई सुरेखाच्या आईच्या चुलतबहीण! झाडू खाली, सुरेखा त्यांच्या पायांवर!

"मावशी, तुम्ही माझ्या घरात झाडू मारणार? माकणीत तोंड कसं दाखवू?"

"अगं, कामाला आलेय म्या!"

"काही न्हाय. बसा!"

बांधलेली खुर्ची सोडली. बांधलेली गॅसची शेगडी सोडली. शिरा झाला, आणि मी सकाळीच घासलेल्या ओट्यावर तूप सांडलं.

"अगं, अण्णा येतील!" मी कुजबुजलो.

"मग बघत काय बसलाव? उचला झाडू!"

"जावयानं झाडायचं व्हय?" मावशी कळवळल्या. मला फार बरं वाटलं. पण शिऱ्याची बशी काही त्यांनी खाली ठेवली नाही. "जावईबापू, त्या कोपऱ्यात जरा जोर लावा. लई डाग हायेत."

दुपारभर मी फरशा घासल्या. कंबर धरली. तिकडं सुरेखानं मावशींची ओटी भरून साडी दिली. (माझ्या बहिणीसाठी घेतलेली!)

संध्याकाळी अण्णा आले, बाथरूम बघून थक्क झाले आणि अनामत काढून दिली.

"येवढं झकास कुणी केलं?"

मी छाती फुगवली. पण जावयाची अब्रू राखायला मावशी लगबगीनं पुढं झाल्या.

"म्या!"

"वरचाबी फ्लॅट रिकामा झालाय. करता का?"

"करू की!" म्हणत मावशी माझ्याकडं वळल्या. "जावईबापू, उद्या सकाळी मोकळे हाव न्हवं?"

कळंबात परवडणारा माणूस मिळत नाही, असं कुणी म्हणू नये. मावशींना लगेच मिळाला.