सोळा किलोचा चेंडू

सोलापुरात साखर पेठेच्या पलीकडं सुंदरम्मा गड्डम शाळेची दप्तरं शिवायची. खाकी कॅनव्हासची, दोन बकलांची, पुढं कंपासपेटीचा कप्पा. मे-जूनमध्ये तिला जेवायला फुरसत नसे. पावसाळा सरला की पायमशीनवर फडकं टाकून ती गल्लीतल्या इतर बायकांबरोबर विड्या वळायला बसे.

तिचा नवरा मल्लेशम हातमागावरचा विणकर. मालकानं हातमाग मोडून यंत्रमाग घातले आणि मल्लेशमला त्यावर यायला सांगितलं. तो एक दिवस गेला. संध्याकाळी परत येऊन म्हणाला, "तिथं कापड आपलं आपण होतंय. मी कशाला पाहिजे?" आणि ओसरीवर बसला. तो बसला तो बसलाच. दारू पीत नव्हता, कुणाशी भांडत नव्हता. नुसता बसायचा. येणारे-जाणारे त्याला किती वाजले विचारायचे, कारण भिंतीवरचं ऊन बघून तो वेळ बरोबर सांगायचा. घरात एवढा एकच त्याचा उपयोग राहिला आहे, असं सुंदरम्मा म्हणे. ती हे त्याच्या समोरच म्हणे, आणि तो मान डोलवे.

चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात चाटी गल्लीतल्या कमलाकरशेटनी तिला बोलावणं पाठवलं. शेटजींचा चादरी-टॉवेलांचा व्यापार. मुंबईच्या एका दलालामार्फत त्यांचे टॉवेल अमेरिकेला जात. त्याच दलालाचा ट्रंक कॉल आला होता. टॉवेल घेणाऱ्या साहेबाला आता कॅनव्हासच्या पिशव्या पाहिजे होत्या. बोलिंग करणाऱ्यांसाठी. आत बॉल, बूट आणि टॉवेल बसला पाहिजे.

"बोलिंग म्हणजे?" सुंदरम्मानं विचारलं.

ही चूक झाली. कमलाकरशेट क्रिकेटचे वेडे होते. कसोटी सामन्याच्या दिवशी दुकानात ट्रान्झिस्टर चाले आणि गिऱ्हाइकाला षटक संपेपर्यंत थांबावं लागे. त्यांनी सुंदरम्माला गादीवर बसवून अख्खं क्रिकेट समजावून सांगितलं. पायचीतपर्यंत आल्यावर ती म्हणाली, "शेट, बॉल केवढा ते सांगा की."

शेटजींनी ड्रॉवरमधून एक जुना चेंडू काढून दिला.

"पण अमेरिकेत क्रिकेट खेळतात का हो?" मुनीमजींनी कोपऱ्यातून विचारलं.

"खेळत नसतील तर बोलिंगची पिशवी कशाला मागतील?" शेटजी म्हणाले. मुनीमजींनी पुन्हा वहीत मान घातली.

सुंदरम्मानं नमुना चांगला शिवला. चेंडूला पुढं छोटा कप्पा, वर झाकण, झाकणाला टिचबटन. चेंडू आत टच्च बसायचा. बुटांचा कप्पा वेगळा, त्याला खाली बारीक भोकं, म्हणजे मैदानातली माती गळून जाईल. शेटजींनी टोपीसाठी एक खण वाढवायला लावला. साहेबानं टोपी मागितली नव्हती. पण उन्हात गोलंदाजाचे हाल होतात, असं शेटजींचं म्हणणं पडलं. नमुना पार्सलनं मुंबईला गेला.

आठवड्यानं पुन्हा ट्रंक कॉल आला. लाइन खरखरत होती, त्यामुळं दलाल ओरडत होता आणि शेटजीही ओरडत होते. अर्धी चाटी गल्ली ऐकत होती. फोन ठेवून शेटजींनी ट्रान्झिस्टर बंद केला. मग त्यांनी सुंदरम्माला बोलावून घेतलं.

"तो खेळ वेगळाच आहे," ते म्हणाले. "लाकडी जमिनीवरून चेंडू घरंगळत सोडायचा आणि लांब उभ्या केलेल्या बाटल्या पाडायच्या."

"बाटल्या?"

"बाटल्यांसारखं काहीतरी. चेंडू एवढा असतो." त्यांनी दोन्ही हातांनी छोट्या कलिंगडाएवढा आकार दाखवला. "साडेआठ इंच. त्याला बोटं घालायला तीन भोकं असतात. आणि वजन सोळा."

"सोळा काय?"

"सोळा म्हणजे सोळा. किलो."

दलाल पौंड म्हणाला होता. पण ते खरखरीत विरून गेलं आणि सोळा तेवढे सोलापुरात पोचले.

एवढी जड आणि गोल वस्तू पिशवीत घालून बघितल्याशिवाय पिशवी शिवणं सुंदरम्माला पटेना. तिनं लाल भोपळा आणला. आकार जमला, वजन जमेना. शेवटी ती येडू वडाराकडं गेली. येडू आणि त्याची बायको मायाक्का अक्कलकोट रोडला पाल ठोकून राहत, पाटे-वरवंटे घडवून विकत. तिथं नव्या कारखान्यांच्या शेडी उठत होत्या, त्यामुळं पायाच्या दगडाचंही काम येडूला मिळे. सुंदरम्मानं त्याला दोरीचं माप दिलं आणि वर तीन भोकं पाडायला सांगितली.

"कंचा द्येव ह्यो?" येडूनं विचारलं.

"देव नाही. चेंडू हाय. अमेरिकेत खेळतात."

येडूनं मायाक्काकडं बघितलं. मायाक्का म्हणाली, "करून द्या की. आपल्याला काय करायचंय?"

गोळा तयार झाल्यावर मायाक्का तो डोक्यावर घेऊन आली. कोळशाच्या वखारीतल्या काट्यावर टाकला तर पंधरा किलोच्या वर भरला. साडेआठ इंच बरोबर, वजनही किलोभर इकडंतिकडं. म्हणजे शेटजींनी ऐकलं ते खरंच होतं, असं सगळ्यांचं मत झालं. एका हातानं हे फेकणारी माणसं कशी असतील, यावर गल्लीत दोन दिवस बोलणं चाललं. सुंदरम्मा दळण आणायला गेली तेवढ्यात शेजारच्या कुणीतरी दगडाला हळद-कुंकू वाहिलं. तीन भोकं दोन डोळे आणि तोंडासारखी दिसत असल्यानं ते स्वाभाविकच होतं. सुंदरम्मानं गोळा धुतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा कुंकू होतं, शिवाय एक केळं. मग तिनं धुणं सोडून दिलं.

पहिल्या पिशवीचा तळ उचलताक्षणी सुटला. तिनं तळाला दुहेरी कापड घालून दाभणानं, मेण लावलेल्या दोऱ्यानं टाके घातले. ती पिशवी चाटी गल्लीपर्यंत टिकली. शेटजींना दाखवायला तिनं ती टेबलावर ठेवली, तर गोळा आतल्या आत गडगडला, पिशवी कलंडून खाली पडली आणि दुकानाची शहाबादी फरशी मधोमध तडकली.

शेटजींनी फरशीकडं पाहिलं. "टाका उसवला नाही," ते म्हणाले. "ही प्रगती आहे."

"ते एका जागी थांबत नाही की," सुंदरम्मा म्हणाली. "नुसतं फिरतंय आत."

तिनं आत पुठ्ठा घातला, फळ्यांचे तुकडे घातले. गोळा फिरतच राहिला. मग एकदा मायाक्का पाटे विकून परत जाताना पाणी प्यायला थांबली. गोळा तिनं आणला तेव्हा डोक्यावर, गोळ्याखाली घातलेली चिंध्यांची गोल चुंबळ इथंच राहिली होती, ती घ्यायची होती. चुंबळ ओसरीतच होती आणि गोळा तिच्यावर बसला होता. मायाक्कानं त्याला पायानं ढकललं तर तो जागचा हलेना.

"लई घट्ट बसलाय," मायाक्का म्हणाली.

सुंदरम्मानं स्वतःही गोळा ढकलून बघितला. मग म्हणाली, "मायाक्का, ही चुंबळ आज ऱ्हाऊ दे माझ्याकडं."

"आनि मी डोक्यावर काय घिऊ?"

सुंदरम्मानं तिला आपलं नवं लुगडं फाडून चुंबळ करून देऊ केली. मायाक्का जुनं चालंल म्हणाली. त्या दिवशी सुंदरम्मानं चादरींच्या कारखान्यातला वाया गेलेला सुताचा गुंता आणून वीतभर रुंदीची चुंबळ वळली आणि पिशवीच्या तळाला आतून शिवून टाकली. गोळा ठेवला, पिशवी हलवली, पाडली. गोळा जागा सोडेना.

आता राहिले पट्टे. तिनं बाजारातली खाटेची निवार आणली आणि पट्टे पिशवीखालून वळसा घालून वर घेतले, म्हणजे भार टाक्यांवर येणार नाही. निवार दोन दिवसांत ताणून फाटली. दुसरीही फाटली. तिसरी फाटली तेव्हा सुंदरम्मा मटकन खाली बसली आणि रडायला लागली. ती रडणारी बाई नव्हती. त्यामुळं मल्लेशम ओसरीवरून उठून आत आला. फाटका पट्टा त्यानं हातात घेतला, उजेडाकडं धरला, नखानं एक धागा ओढून बघितला.

"हे विणलंय कुणी?" त्यानं तेलुगूत विचारलं. घरात ते तेलुगूच बोलत.

"मला काय माहीत? बाजारातलं आहे."

"हे विणलेलं नाही. सूत एकमेकांशेजारी ठेवलंय नुसतं."

तो बाहेर गेला. जेवायच्या वेळेला आला नाही, म्हणून सुंदरम्मा घाबरली. संध्याकाळी तो आणि त्याचा चुलतभाऊ एका हातगाडीवरून मोडक्या मागाची लाकडं घेऊन आले. पुढचे काही दिवस तो ठोकत, तासत, शिव्या देत होता. एवढा बोलताना त्याला तिनं किती वर्षांत ऐकलं नव्हतं. मग अरुंद पट्टीचा एक छोटा माग ओसरीवर उभा राहिला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना वेळ सांगायला कुणी उरलं नाही.

त्याची निवार बोटभर जाड होती. तिच्या पट्ट्यांची पिशवी दगडासकट आढ्याला टांगली आणि महिनाभर तशीच ठेवली. काही झालं नाही. आढ्याचा वासा थोडा वाकला.

दुसरा नमुना गेला आणि पसंत पडला. दलाल स्वतः सोलापूरला आला. त्यानं सांगितलं, साहेब खूश आहे, फक्त विचारतो आहे की पट्टे इतके मजबूत कशासाठी. चेंडू तर फक्त सोळा पौंडांचा असतो, सात किलोच्या आसपास.

सगळ्यांनी खाली फरशीकडं पाहिलं. तडकलेली फरशी अजून बदललेली नव्हती.

"पौंड," शेटजी म्हणाले.

"मग आता पट्टे पातळ करायचे का?" सुंदरम्मानं विचारलं.

मल्लेशम तिच्याबरोबर आला होता. तो पहिल्यांदाच शेटजींच्या दुकानात बोलला. "पातळ मला येत नाही," तो म्हणाला.

पट्टे तसेच राहिले. गल्लीतल्या बायका विड्या सोडून चुंबळी वळू लागल्या, चार मशीनं झाली, आणि दोन वर्षं दर महिन्याला गठ्ठे मुंबईला गेले. बोलिंगचा खरा चेंडू त्यांच्यातल्या कुणीही कधी पाहिला नाही. शेटजींना मुंबईच्या दलालानं एक फोटो पाठवला होता. त्यात एक लठ्ठ बाई हसत होती आणि चेंडू तिच्या पाठीमागं होता.

सत्याहत्तरात ऑर्डरी बंद झाल्या. शेटजींनी फोन लावून कारण विचारलं. मालात काही खोट निघाली का? दलाल म्हणाला, खोट काही नाही, तीच अडचण आहे. ज्यांनी पिशव्या घेतल्या त्यांच्या अजून फाटल्या नाहीत, आणि फाटायचं लक्षणही दिसत नाही. एका माणसाला दुसरी पिशवी लागतच नाही. साहेब आता फाटणाऱ्या पिशव्या दुसरीकडून घेणार होता.

हे ऐकून सुंदरम्माला वाईट वाटलं, पण किती वाईट वाटून घ्यावं ते तिला कळेना. घरी येऊन तिनं मल्लेशमला सांगितलं. तो माग थांबवून ऐकत होता. त्यानं तिला पुन्हा एकदा सगळं सांगायला लावलं, विशेषतः फाटत नाहीत तो भाग. मग पुन्हा विणायला लागला.

"अहो, पण कुणासाठी विणताय आता?" ती म्हणाली.

"तू शोध कुणीतरी," तो म्हणाला.

तिनं शोधलं. अकलूजकडच्या एका साखर कारखान्याला पोती झाकायच्या ताडपत्र्या आणि त्या आवळायचे पट्टे पाहिजे होते. सुंदरम्मा नमुना घेऊन एकटीच एसटीनं गेली. सोलापूरच्या बाहेर ती पहिल्यांदाच जात होती. काम मिळालं. परत आली तेव्हा गल्लीतल्या बायका तिच्याभोवती जमल्या, कसं आहे तिकडं म्हणून विचारू लागल्या.

"सगळीकडं ऊस हाय," सुंदरम्मा म्हणाली. "आणि चहात साखर लई घालतात."