मुलीला कुणी उचलायचं नाही

"तुमच्या स्टाफला आवरा, ताई. नाहीतर मला रिपोर्टमध्ये लिहावं लागेल की मुलगी आईशी जुळत नाहीये."

कीर्ती मॅडम हे माझ्याच रिसेप्शनला उभ्या राहून म्हणाल्या. माझा कुक ऐकत होता. रूम आवरणारी शेवंताबाई ऐकत होती. चेक-आउटला आलेला केळीचा व्यापारी तर बिल विसरून ऐकत होता. माझं डोकं तापलं. इंदूरकडच्या आमच्या शहरात, स्टेशनजवळ लालबागला माझं लॉज आहे. पेपर मिलमधल्या बिनलग्नाच्या पोरांना डबे पोचवता पोचवता मी ते उभं केलं. तिथे येऊन माझ्या माणसांसमोर मला कुणी असं बोललेलं नव्हतं. बोललं तर दुसऱ्यांदा बोललं नव्हतं.

"आवरा म्हणजे? काय केलं आम्ही? मारलं का लेकराला?"

"नाही. फार लाड केले."

आता हे कसं झालं ते सांगते.

एलेना इटलीची. तिकडे शाळेत शिकवते. वय चाळिशीच्या पुढे, लग्न केलेलं नाही. तिनं एकटीनं मूल दत्तक घ्यायचं ठरवलं आणि वर्षानुवर्षं थांबली. आधी कागद, मग फोटो, मग व्हिडिओ कॉल. शेवटी इकडच्या संस्थेतली साडेचार वर्षांची मीनू तिला मिळाली. मीनूचा डावा पाय थोडा आखूड आहे. त्या पायात उंच तळाचा बूट असतो. बूट टकटक वाजवत ती कुठेही पळते.

मिळाली म्हणजे अर्धी मिळाली. संस्थेनं मुलगी तिच्या हातात दिली, पण कायद्यानं ती आई व्हायला कलेक्टरसाहेबांचा आदेश लागतो. त्यानंतर पासपोर्ट, मग व्हिसा. तोवर दोघींनी इथेच एकत्र राहायचं. मधूनमधून संस्थेच्या सोशल वर्कर, म्हणजे या कीर्ती मॅडम, येऊन बघणार आणि रिपोर्ट देणार. रिपोर्ट वाईट गेला तर फाइल अडकणार, आणि मुलगी परत संस्थेत जाणार.

परदेशी पाहुणा म्हटलं की आमच्याकडची बरीच लॉजं हात जोडतात. कारण सी-फॉर्म. परदेशी माणूस उतरला की चोवीस तासांच्या आत पोलिसांना ऑनलाइन कळवावं लागतं. लोक त्याला घाबरतात. मी घाबरत नाही. मी एलेनाला लाँग स्टेचा रेट सांगितला. घासाघीस होईल म्हणून मुद्दाम चढवूनच सांगितला. ती लगेच "ओके" म्हणाली. घासाघीस न करता गिऱ्हाईक हो म्हणालं की मला ती चोरी वाटते. संध्याकाळी मीच रेट कमी केला. तिला वाटलं बिलात चूक झाली.

पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न सगळ्यांना. "साहेब कुठे आहेत?" भाजीवाल्यानं विचारलं, पेपरवाल्यानं विचारलं, नवरीकडची वऱ्हाडी मंडळी उतरली होती त्यांनी तर गोल करून विचारलं. एलेनाला समजत नव्हतं, म्हणून उत्तर मी दिलं. "साहेब नाहीत. बाईच साहेब आहेत." हा प्रश्न मला या गावानं वीस वर्षं विचारला आहे. त्यामुळे उत्तर तयार होतं.

आणि मीनू? मीनूनं दोन दिवसांत लॉज जिंकलं. सकाळी उठली की टकटक करत जिना उतरून थेट किचनमध्ये. माझा कुक भागवत देडतलाईचा, सहा फुटी गडी. मीनू आली की याचं लोणी व्हायचं. तिला ओट्यावर बसवून गरम पोळीचा लाडू भरवायचा. मग शेवंताबाई तिला तेल लावून वेणी घालायची. मग ती माझ्या काउंटरवर. येणारे व्यापारी तिला चॉकलेट द्यायचे, खांद्यावर बसवायचे. ती कुणालाही हात पुढे करायची. "गोदीत घे ना." कोण नाही म्हणणार? आपल्याकडे लेकरू दिसलं की माणूस आधी उचलतो, मग कुणाचं ते विचारतो.

मी एलेनाला अभिमानानं म्हणाले, "सी, मीनू हॅपी! ऑल लव्ह!"

ती जिन्यात उभी होती. हातात मीनूसाठी नेलेली नाश्त्याची प्लेट, तशीच भरलेली. ती हसली. ते हसणं मला थँक यू वाटलं. मीनू तिला "आंटी" म्हणायची.

अशा वेळी मॅडम आल्या आणि ते आवरा-आवराचं बोलल्या. त्या जेमतेम तिशीच्या, इंदूरहून शिकून आलेल्या. मी त्यांना आत बसवलं. चहा दिला. म्हटलं, आता नीट सांगा.

"ताई, संस्थेत मुलं सांभाळणाऱ्या आयांच्या शिफ्ट असतात. सकाळी एक, दुपारी दुसरी. मीनू एवढंच शिकली आहे, की जी समोर असेल तिच्याकडे बघून हसायचं, म्हणजे ती उचलते. ती कुणाकडेही जाते, हे चांगलं लक्षण नाही. आपलं असं एकच माणूस असतं, हेच तिला माहीत नाही. ते शिकायला तिला एलेनाबरोबर ठेवलं, तर इथे पुन्हा शिफ्ट सुरू. सकाळी कुक, दुपारी मावशी, संध्याकाळी तुम्ही. तुमचं लॉज म्हणजे तिच्यासाठी दुसरी संस्थाच झाली."

हे मला लागलं. आजही लागतं. त्या पोरीच्या दुधासाठी मी गवळी बदलला होता, आणि माझ्या घराला ही संस्था म्हणते! पण त्याच वेळी मला ती जिन्यातली भरलेली प्लेट दिसली.

"मग काय करायचं?"

"उचलायचं, भरवायचं, समजूत घालायची, सगळं फक्त एलेनानं. बाकी कुणी हात लावायचा नाही. मी पुढच्या आठवड्यात बघायला येते."

"आठवड्यात तर नवी सूनसुद्धा डबे ओळखत नाही. महिना द्या."

"महिना नाही देता येणार. रिपोर्ट पाठवायचा आहे."

"वीस दिवस."

"दहा."

"पंधरा. आणि येताना फोन करून या."

"पंधरा देते. फोन करणार नाही."

बऱ्याच जणांशी सौदे केले आहेत मी. ही पोरगी धंद्यात असती तर मला भारी पडली असती.

स्टाफला बोलावून मी नियम सांगितला. मुलीला कुणी उचलायचं नाही. तिनं काही मागितलं तर एकच उत्तर, 'मम्मीला माग.' भागवत भडकला.

"ताई, लेकरू हात करून राह्यलं अन् म्या भिताडाकडे पाहू?"

"हो. भिताडाकडेच पाहायचं."

"हे काही माणसाचं काम नाही."

"मग पंधरा दिवस गावाला जाऊन ये. मी दुसरा कुक बघते."

तो गेला नाही. मात्र त्यानं मधला रस्ता काढला. मीनूला द्यायचं ते तो एलेनाच्या हातात द्यायला लागला. मग एलेना खुणेनं म्हणाली, मला स्वतःला करायचं आहे. लॉजच्या धंद्यात पाहुण्याला किचनमध्ये घेत नाहीत. चटका बसला, कापलं, तर मालक अडकतो. तरी मी तिला आत घेतलं. भागवतनं तिला शिकरण शिकवलं. दापोऱ्याची केळी, दूध, साखर, काट्यानं कुस्करायचं. तिला ते लगेच जमलं. बोलणं मात्र जमत नव्हतं. ती मोबाइलमध्ये तिच्या भाषेत बोलायची आणि मोबाइल हिंदीत म्हणायचा, "क्या आप थोड़ा और दुग्ध ग्रहण करेंगी?" मीनू हसून जमिनीवर लोळायची. निदान त्या मोबाइलपायी ती आईजवळ बसू लागली.

पण बाकीचे दिवस वाईट गेले. मीनू दारोदार फिरली. किचनमध्ये गेली, भागवतनं पाठ फिरवली. शेवंताबाईकडे गेली, तिनं बादली उचलली. शेवटी माझ्याकडे आली.

"ताई, गोदीत घे ना."

"माझा पाय दुखतो."

"मग बसून घे."

"बसले तरी दुखतो. मम्मी घेईल."

"आंटीचा पण दुखतो."

"मम्मीचा नाही दुखत. जा, विचारून ये."

ती गेली नाही. काउंटरखाली बसून राहिली. मी वर खुर्चीत. माझा हात खाली गेला होता. मी तो उचलून पेन धरलं.

मग ती चिडायला लागली. बूट फेकला. एलेनाला चावली. दुपारी रूम बंद करून तिचं रडणं सुरू व्हायचं ते खालपर्यंत ऐकू यायचं. शेजारच्या रूममधला मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह तक्रार घेऊन आला. "मॅडम, ये रोज का हो गया है." दर महिन्याला येणारं गिऱ्हाईक, पण मी म्हटलं, "त्रास होतो तर दुसरं लॉज बघा." पुढच्या महिन्यात तो खरंच दुसऱ्या लॉजला उतरला.

एक दिवस एलेना माझ्यासमोर येऊन बसली. दंडावर दात उमटलेले. "शी हेट्स मी," म्हणाली.

माझं इंग्लिश दुकानदारीपुरतं आहे. तेवढ्यात मी सांगितलं, "नो हेट. टू ऑल, ओन्ली स्माइल. टू यू, अँगर. यू मम्मी, देअरफोर."

तिला किती समजलं माहीत नाही. तिनं माझा हात मात्र बराच वेळ धरून ठेवला. तेवढ्यात वरून मीनूच्या बुटाची टकटक आली आणि ती हात सोडून वर गेली.

त्यानंतर काही दिवसांनी, फोन न करता, मॅडम आल्या.

मीनू अंगणात पळत होती. शेवंताबाईनं नुकतंच धुतलं होतं. बूट घसरला आणि पोरगी नळाच्या ओट्यावर आपटली. हनुवटी फुटली. रक्त आलं. मॅडम गेटमध्ये उभ्या होत्या, पण ते मला नंतर कळलं. त्या क्षणी मला फक्त रक्त दिसलं.

भागवत दोन पावलांवर होता. मीनूनं त्याच्याकडे पाहिलं. तो भिंतीकडे वळला. तिथे कॅलेंडर आहे. तो कॅलेंडर वाचायला लागला. मीनूनं शेवंताबाईकडे पाहिलं, तिनं पदर तोंडात धरला. मग माझ्याकडे. मी खुर्चीतून उठले होते. पुन्हा बसले.

लेकरू रक्त गाळतंय आणि तीन मोठी माणसं हात बांधून आहेत. कुणी त्या वेळी आत आलं असतं तर आम्हाला जोड्यानं मारलं असतं.

मीनूनं मान वर केली. वरच्या गॅलरीकडे बघून जिवाच्या आकांतानं ओरडली,

"मम्मी!"

एलेना अनवाणी जिना उतरली. उतरली कसली, पडत आली. तिनं उचललं तशी मीनूनं तिच्या मानेला मिठी घातली, दोन्ही पाय कमरेला घट्ट आवळले, आणि मग रडली. आधी रागावून रडायची तसं नव्हे. सांगत रडली. कुठे लागलं, कसं लागलं, नळ किती वाईट आहे, सगळं आमच्या बोलीत. एलेना तिच्या भाषेत उत्तर देत होती. मोबाइल वरच राहिला होता.

भागवत गॅस बंद करायला म्हणून आत गेला. बराच वेळ आला नाही.

मॅडम पुढे आल्या. जखम पाहिली. एका टाक्याचं काम होतं, डॉक्टर जवळच आहेत. जाताना माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "ठीक आहे."

ठीक आहे! मी वाट पाहत होते की त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल ही काही म्हणेल. नाही. माझ्या चहालासुद्धा तिनं कधी चांगला म्हटलं नाही. तिचं बरोबर होतं हे मी मान्य करते. पण बरोबर असलेल्या माणसाला गोड बोलायला काय होतं, हा माझा प्रश्न अजून तसाच आहे.

रिपोर्ट चांगला गेला. यथावकाश आदेश आला, मग पासपोर्ट आला. व्हिसासाठी दोघींना दिल्लीला जायचं होतं. आम्ही सगळे स्टेशनवर गेलो, लॉजला कुलूप लावून. असं मी कधी करत नाही. मॅडमही होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "ताई, आता घ्यायचं तर घ्या तिला. आता चालेल."

मी हात पुढे केले. इतक्या दिवसांचे राखून ठेवलेले हात.

मीनूनं माझ्याकडे नीट पाहिलं. ओळखीचं हसली. आणि एलेनाच्या मानेत तोंड खुपसलं. आली नाही. भागवतनंही हात केले. त्याच्याकडेही गेली नाही. गाडी सुटली तेव्हा खिडकीतून एलेना रडत हात हलवत होती. मीनू तिच्या मांडीवर बसून आमच्याकडे पाठ करून काहीतरी खात होती.

भागवत म्हणाला, "आली नाही पाहा, ताई."

"नाही आली," मी म्हटलं.

पुढच्या आठवड्यात पेपरात दत्तकाची बातमी आणि फोटो आला. संस्थेचे सगळे लोक होते, नावांसकट. आमच्याबद्दल एक ओळ होती, 'शहरातील एका लॉजमध्ये वास्तव्य.' एका लॉजमध्ये! मी त्या पेपरवाल्याला फोन करून जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आमच्या धंद्यात पाहुणा निघताना वळून पाहत नसेल, तर सर्व्हिसमध्ये कुठेतरी कमी पडलं असं धरतात. नवीन स्टाफ ठेवला की मी हेच शिकवते. फक्त एवढं जोडते, की एक पाहुणी अशीही होऊन गेली जिनं वळून पाहिलं नाही, आणि इतकी चांगली सर्व्हिस या लॉजनं आधी किंवा नंतर कुणालाही दिलेली नाही.